राजाराम कॉलेज, कोल्हापूर : इतिहास, बोर्डिंगं आणि जुनी दप्तरं

करवीरकाठ (धागाकर्ता)

राजाराम कॉलेजवर शंभरेक पानांची पुस्तिका काढायचं काही माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं आहे. त्या तयारीसाठी हा धागा. नेटवर जे सापडतं ते बहुतेक एकाच मजकुराची नक्कल आहे: १८८० साली स्थापना, छत्रपती राजाराम महाराजांचं नाव, गोपाळ कृष्ण गोखले विद्यार्थी, आणि मग एकदम आजचे अभ्यासक्रम. मधलं शतक कुठे गेलं?

पाया सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकदा लिहून ठेवतो. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. भवानी मंडपाजवळच्या हायस्कुलाला त्यांचं नाव मिळालं आणि १८८० साली त्याच हायस्कुलाला जोडून कॉलेजचे वर्ग सुरू झाले. त्या वेळी गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, पण कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. म्हणजे कॉलेजची सुरुवात शाहू महाराजांच्या आधीची. ते गादीवर आले १८९४ मध्ये.

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. कोणत्या काळाचे कागद कुठे मिळतील? विद्यार्थ्यांचं रोजचं जगणं कशावरून लिहायचं? आणि कॉलेजात व आसपास जी जुनी रजिस्टरं, मासिकं, फोटो आहेत ते खराब न करता स्कॅन कसे करायचे?

दप्तरदार

चांगला विषय. पहिल्या प्रश्नाला हात घालतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

या कॉलेजचा मालक वेळोवेळी बदलला, आणि कागद नेहमी मालकाच्या घरी जातो. म्हणून एखादं साल शोधायचं असेल तर आधी विचारावं: त्या साली कॉलेज कोणाचं होतं?

१८८० पासून ते करवीर दरबारचं, म्हणजे कोल्हापूर संस्थानाचं. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी हायस्कूल आणि कॉलेज दोन्ही संयुक्त प्रांताच्या (आजचा उत्तर प्रदेश) आर्य प्रतिनिधी सभेकडे, म्हणजे आर्य समाजाच्या संस्थेकडे, चालवायला दिलं. पुढे ते परत दरबारकडे आलं. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि कॉलेज सरकारी झालं. १ मे १९६० पासून महाराष्ट्र शासनाचं.

आता कागद. दरबारच्या काळासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार, संस्थानाचे वार्षिक कारभार अहवाल आणि करवीर सरकारचं गॅझेट. वार्षिक अहवालात शिक्षणाचं वेगळं प्रकरण असतं. त्यात कॉलेजची पटसंख्या, परीक्षांचे निकाल, खर्च असं बरंच काही सापडतं. दरबार आणि इंग्रज यांच्यातला पत्रव्यवहार कोल्हापूर एजन्सीच्या (संस्थानावर देखरेख करणाऱ्या इंग्रज कचेरीच्या) फायलींत, म्हणजे मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. १९३३ मध्ये डेक्कन स्टेट्स एजन्सी झाली आणि संस्थानांचा संबंध थेट भारत सरकारशी जोडला गेला. त्यामुळे त्यानंतरच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघाव्यात. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर घरबसल्या सूची चाळता येते. शोधताना इंग्रजी स्पेलिंगं बदलून बदलून टाका. कोल्हापूरचीच दोनतीन जुनी स्पेलिंगं आहेत.

शाहूकाळासाठी शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने छापलेले शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड आधी वाचा. छापील असल्याने मोडीची अडचण नाही आणि पुढचा शोध कुठे घ्यायचा हे तळटिपांवरून कळतं.

नेहमी होणारी चूक म्हणजे १९१९नंतरची काही वर्षं दरबारच्या दप्तरात कमी दिसतात म्हणून ‘या काळात कॉलेज बंद होतं’ असं लिहून टाकणं. कॉलेज बंद नव्हतं. ते सभेकडे होतं.

मोडीवाचक

दप्तरदारसाहेबांच्या प्रतिसादाला एक जोड. दरबारच्या आतल्या कागदांत मोडी भेटणारच, आणि तारखांचा घोळ मोडीपेक्षा जास्त छळतो.

कागदावर फसली सन (महसुली वर्ष) असेल तर त्यात ५९० मिळवा. फसली १३१० म्हणजे १९००-०१. हे वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांतल्या कागदाला ५९१ मिळवावे लागतात. शक असेल तर ७८, आणि इंग्रजी नवं वर्ष लागल्यापासून चैत्रापर्यंत ७९. एकाच फायलीत इंग्रजी पत्र इसवी सनात आणि त्यावरचा मोडी शेरा फसलीत असतो. नोंद घेताना दोन्ही तारखा जशाच्या तशा उतरवा, रूपांतर वेगळ्या रकान्यात लिहा. मूळ तारीख खोडून रूपांतरित तारीख लिहिली की चूक झाल्यावर ती शोधायला मार्गच उरत नाही.

पैशाचे आकडेही तसेच. १ एप्रिल १९५७ पूर्वीचे हिशेब रुपये-आणे-पैचे. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. ‘१२-८-६’ म्हणजे बारा रुपये आठ आणे सहा पै. टंकताना लोक याला दशांश समजतात आणि बेरीज फसते.

ग्रंथपाल

नेटवर फिरणाऱ्या दोन चुका पुस्तिकेत येऊ देऊ नका.

न्यायमूर्ती रानडे हे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, असं सर्रास लिहिलं जातं. रानड्यांचा जन्म १८४२चा. त्यांचं शालेय शिक्षण कोल्हापुरात झालं हे खरं, पण १८५०च्या दशकातच ते एल्फिन्स्टनला गेले. कॉलेज निघालं १८८० ला. तसंच कर्मवीर भाऊराव पाटलांचं. ते राजाराम हायस्कुलात होते, कॉलेजात नव्हते. हायस्कूल आणि कॉलेज एका नावाचे, एका आवारातले, म्हणून ही गल्लत होते. नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाचं मॅट्रिकचं साल आणि पुढच्या परीक्षेचं कॉलेज तपासा.

गोखल्यांचं उदाहरण तपासणीसाठी उत्तम. १८८१ ला मॅट्रिक, मग राजाराम कॉलेज, मध्ये डेक्कन कॉलेज, आणि १८८४ ला बीए एल्फिन्स्टनमधून. त्या काळी मुंबई विद्यापीठात मॅट्रिकनंतर प्रीव्हियस, मग फर्स्ट बीए, मग सेकंड बीए अशा पायऱ्या होत्या. राजाराम कॉलेजात सुरुवातीला सगळ्या पायऱ्यांचे वर्ग नव्हते. मुलगा पहिली पायरी इथे चढायचा आणि पदवी दुसऱ्या कॉलेजच्या नावावर लागायची. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत पदवीधरांच्या याद्या कॉलेजवार आहेत. त्यांतून फक्त ‘राजाराम’ वेचलंत तर गोखले गळतील आणि त्यांच्यासारखे इतरही गळतील. म्हणून प्रीव्हियसच्या याद्याही काढा. काम वाढतं, पण छोट्या कॉलेजची खरी पोच त्या याद्यांतच दिसते.

शिक्षकांसाठी वेगळं प्रकरण नक्की करा. ‘ग्रंथमाला’ मासिक चालवणारे विष्णु गोविंद विजापूरकर इथे प्राध्यापक होते. आण्णासाहेब लठ्ठे काही वर्षं इंग्रजी शिकवत. वेदोक्ताच्या वादात (राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की पुराणमंत्रांनी, हा वाद) विजापूरकर महाराजांच्या विरुद्ध बाजूला, आणि लठ्ठे पुढे सत्यशोधक-ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी व शाहू महाराजांचे पहिले मोठे चरित्रकार. एवढ्या लहान कॉलेजच्या शिक्षकवर्गात महाराष्ट्रातल्या वादाच्या दोन्ही कडा होत्या. हे ठळकपणे यायला हवं.

१९२२ मध्ये डॉ. बाळकृष्ण प्राचार्य झाले. मूळचे मुलतानचे, आर्य समाजी, लंडनचे पीएचडी. आर्य समाजाशी आलेला संबंध नसता तर मुलतानचा हा माणूस कोल्हापुरात आलाच नसता. इथे बसून त्यांनी शिवाजी महाराजांवर चार खंड लिहिले आणि त्यासाठी डच व इंग्रज कंपन्यांची कागदपत्रं वापरली. माधव जूलियन १९२८ पासून १९३९ पर्यंत इथे फारसी शिकवत होते. ‘छंदोरचना’ची वाढीव आवृत्ती १९३७ची, म्हणजे कोल्हापुरातल्याच वर्षांतली. ना. सी. फडके त्याच काळात तर्कशास्त्र-मानसशास्त्र शिकवत. इतिहासाचे प्राध्यापक आप्पासाहेब पवार १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

दसराचौक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. विद्यार्थ्यांचं जगणं कॉलेजच्या कागदांत फारसं मिळणार नाही, कारण विद्यार्थी कॉलेजात शिकायचा आणि राहायचा बोर्डिंगात. कोल्हापूरची बोर्डिंगं वगळून या कॉलेजचा इतिहास लिहिता येत नाही.

बोर्डिंगं जातवार का झाली हे नीट मांडा, नाहीतर आजचा वाचक चुकीचा अर्थ काढतो. १८९६ मध्ये शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्या जातींचं एकच वसतिगृह काढलं होतं. कागदावर दार सर्वांना उघडं होतं. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचंच झालं. कॉलेजपर्यंत पोचणारी मुलंच मुख्यतः त्या एका समाजाची, व्यवस्थापन त्यांच्याकडे आणि पंक्तीचे नियमही त्यांचेच. खेड्यातून आलेल्या मराठा, जैन, मुसलमान मुलाला तिथे पाटावर जागा नव्हती. हा अनुभव आल्यावर महाराजांनी पद्धत बदलली आणि ज्या समाजाची मुलं मागे आहेत त्यांना त्यांचं स्वतःचं छप्पर दिलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, तिचे अध्यक्ष स्वतः महाराज. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग. याशिवाय लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती... यादी लांब आहे. २६ जुलै १९०२चा नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवणारा जाहीरनामा आणि ही बोर्डिंगं हे एकाच धोरणाचे दोन हात. शिकलेली मुलं नसतील तर राखीव जागा भरायच्या कोणातून?

आजही दसरा चौकात उभं राहिलं की जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग हाकेच्या अंतरावर दिसतात. पुस्तिकेत हा नकाशा हवाच.

बोर्डिंगांतही सोवळं होतं, तेही लपवू नका. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ न करता जेवायला बसण्यावरून भाऊराव पाटलांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं. १९१९ मध्ये निघालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला का बसवली गेली, याचं मूळ इथे सापडतं.

करवीरकाठ

ही माहिती मोलाची आहे, दसराचौक. बोर्डिंगांच्या संस्थांकडे जाऊन नेमकं काय मागायचं?

दसराचौक

चार गोष्टी मागा, आणि त्यांच्या नावानेच मागा. ‘जुने कागद दाखवा’ म्हटलं की कपाटाची किल्ली सापडत नाही.

एक, प्रवेश रजिस्टर. मुलाचं गाव, पालकाचा धंदा आणि तो हायस्कुलात की कॉलेजात हे त्यात असतं. गावं तालुकावार मांडली की कॉलेजची पोच कुठवर होती ते दिसतं. दोन, कीर्द आणि खतावणी, म्हणजे रोजचा जमाखर्च आणि खातेवार हिशेब. तीन, कोठीची वही, म्हणजे धान्य किती आलं, रोज किती काढलं. चार, संचालक मंडळाची इतिवृत्तं. स्वयंपाक्याचा पगार, फी न भरणारी मुलं, आजारपण, सुट्टीत कोण थांबलं, पंक्तीवरून झालेली भांडणं असलं सगळं ठरावांत उतरलेलं असतं.

कोठीच्या वहीत पायली आणि शेर दिसतील. चार शेरांची पायली. पण पायली हे माप आहे, वजन नव्हे. ज्वारीची पायली आणि तांदळाची पायली किलोत वेगवेगळी भरते. सरळ एका आकड्याने गुणून ‘दर मुलामागे इतके किलो’ असं छापू नका. पायलीतच ठेवा. महिन्याचं धान्य भागिले हजेरीपटावरची मुलं, एवढाच हिशेब पुरे. हजेरी दोन्ही वेळची वेगळी मांडलेली असेल तर तीही बघा. वारकरी घरांतली मुलं एकादशीला जेवत नसत, त्यामुळे त्या दिवशीची काढ कमी दिसते.

सागरमाळ

आजच्या कॅम्पसबद्दल आणि सरकारी कॉलेज म्हणजे नेमकं काय, याबद्दल लिहितो. यावर पुस्तिकेत दोन पानं तरी द्या, कारण ‘सरकारी’ आणि ‘अनुदानित’ यांतला फरक बहुतेकांना ठाऊक नसतो.

भवानी मंडपाजवळची मूळ इमारत मेजर मँटच्या आराखड्याची. नवा राजवाडाही त्याचाच. आता तिथे मेन राजाराम हायस्कूल आहे. कॉलेज विद्यानगरला, शिवाजी विद्यापीठाच्या शेजारी. जुन्या जागी ते गावाच्या पोटात होतं, अंबाबाईच्या देवळापासून दोन मिनिटांवर. आता माळावर आहे. त्यामुळे बोर्डिंगातून चालत येणारा विद्यार्थी जाऊन केएमटी (शहर बस) आणि एसटीच्या पासवाला विद्यार्थी आला. कॉलेजचं वेळापत्रक एसटीच्या वेळांना बांधलेलं असतं. दुपारनंतरच्या कार्यक्रमांना गर्दी का नसते, याचं पहिलं उत्तर शेवटची गाडी हेच आहे.

सरकारी कॉलेजात नियमित प्राध्यापक लोकसेवा आयोगातून येतो आणि त्याची बदली होते. अनुदानित कॉलेजात तोच माणूस तीस वर्षं राहतो, नाट्यमंडळ उभं करतो, मासिकाची परंपरा सांभाळतो. इथे पद रिकामं झालं की भरती होईपर्यंत तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग सांभाळतात. ते जीव लावून शिकवतात, पण पुढच्या जूनला ते असतील की नाही हे त्यांनाही माहीत नसतं. मासिकाचे अंक मध्येच तुटलेले दिसले तर त्यावरून विद्यार्थ्यांचा उत्साह मोजू नका. त्या वर्षी संपादक प्राध्यापक होते का, ते आधी बघा.

इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. कौल फुटलं, पन्हळ तुंबली, तर प्राचार्य पत्र देतात, अंदाजपत्रक होतं, मंजुरी येते, निविदा निघते. कोल्हापूरचा पाऊस जूनमध्ये येतो. पत्र मे महिन्यात गेलं तर काम पुढच्या उन्हाळ्यातच होणार. म्हणून गळतीची पाहणी पाऊस चालू असतानाच, जुलै-ऑगस्टमध्ये, फोटो काढून व्हावी आणि पत्र दिवाळीपूर्वी जावं. ग्रंथालय किंवा दप्तराची खोली असेल तर पत्रात ‘शासकीय अभिलेखाचे नुकसान’ हे शब्द स्पष्ट लिहावेत.

विद्यार्थी जीवनासाठी राष्ट्रीय सेवा योजनेची आणि एनसीसीची रजिस्टरं बघा. सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि एक सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर. शिबिर कोणत्या गावी झालं, बंधारा बांधला की रस्ता केला, हे अहवालात असतं. जुन्या वर्षांची शिबिरगावं क्रमाने लावली तर जिल्ह्याशी कॉलेजचं नातं कळतं. निवडणुकांबद्दल लिहिताना १९९४चा विद्यापीठ कायदा ध्यानात ठेवा. त्यानंतर विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. १९९४ आधीचा जनरल सेक्रेटरी मतांनी निवडून आलेला, नंतरचा गुणपत्रिकेवरून आलेला. दोघांना एकाच यादीत एकाच पदनामाने बसवू नका.

पासआउट_पंच्याऐंशी

एक व्यावहारिक प्रश्न. जुन्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना वडिलांच्या पदवीची प्रत हवी असते. कॉलेजात गेलं की विद्यापीठात जा म्हणतात. कोणत्या?

दप्तरदार

साल बघून. कॉलेज तेच, पण विद्यापीठं तीन झाली. सुरुवातीपासून मुंबई विद्यापीठ. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुणे. १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर शिवाजी. १९४५चा बीए कोल्हापूरला शिकला तरी त्याची नोंद मुंबईत. १९५५चा असेल तर पुण्यात.

सांध्यावरच्या वर्षांत, म्हणजे १९४९ आणि १९६२च्या मागेपुढे, अंदाज करू नका. एका विद्यापीठात सुरू झालेला अभ्यासक्रम दुसऱ्याकडे पुरा झालेला असू शकतो. कुठलीही गुणपत्रिका, निकालाचं कात्रण, पदवीदानाचा फोटो घरात असेल तर त्यावरचं नाव बघा. अर्जात पूर्ण नाव त्या काळी लिहीत तसं द्या. बाईंची नोंद असेल तर माहेरचं नाव. सोबत परीक्षेचं वर्ष, सत्र आणि बैठक क्रमांक. बैठक क्रमांक नसेल तर कॉलेजच्या जनरल रजिस्टरचा (प्रवेश घेतलेल्या सगळ्यांच्या नोंदवहीचा) क्रमांक आणि सोडल्याच्या दाखल्याची नक्कल जोडा, म्हणजे विद्यापीठातल्या माणसाला कोणत्या वर्षाची लेजर काढायची ते कळतं.

ग्रंथपाल

जनरल रजिस्टरचा विषय निघालाच आहे तर तिसऱ्या प्रश्नाकडे येते. कॉलेजातलं सर्वांत धोक्यात असलेलं पुस्तक हेच.

कारण जात पडताळणी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव, म्हणजे नियमाने धरलेले, दिनांक आहेत. त्यापूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून लोक आजोबांची नोंद शोधत येतात. हा त्यांचा हक्कच आहे. पण प्रत्येक वेळी तेच रजिस्टर उघडलं, झेरॉक्सच्या काचेवर दाबलं, की कणा तुटतो आणि पानांच्या कडा झडतात. रजिस्टर एकदा नीट स्कॅन झालं की मूळ प्रत फक्त प्रमाणित उतारा देतानाच उघडावी लागते.

स्कॅनच्या आधी अनुक्रमणिका बनवा: खंड, पान, जनरल रजिस्टर क्रमांक, नाव, प्रवेशाचं वर्ष. खाडाखोड दिसली तर जशी आहे तशी राहू द्या, ‘स्पष्ट’ करायला पेन चालवू नका. वेगळ्या शाईतली नोंद पडताळणी समिती संशयास्पद ठरवते आणि एका माणसाचा दाखला अडकतो. आणि ही रजिस्टरं नेटवर टाकू नका. त्यांत जात, जन्मतारीख, पत्ता असतो. पुस्तिकेसाठी एकत्रित आकडे पुरेत.

स्कॅनवाला

स्कॅनिंगचं तंत्र लिहितो.

हंगाम आधी ठरवा. जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात कोल्हापुरी हवेत कागद ओल धरतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढली की शाईसकट सालपट निघतं. चिकटलेली पानं सुरीने सोडवू नका. खंड उभा करून, पानं पंख्यासारखी थोडी उघडून, पंख्याच्या थेट झोतापासून दूर, सावलीत आठवडाभर ठेवा. मग हाडाच्या किंवा बांबूच्या पातळ पट्टीने कडेपासून आत जा.

जाड रजिस्टरला फ्लॅटबेड स्कॅनर वापरायचाच नाही. कॉपी स्टँडवर वरून बघणारा कॅमेरा, खाली व्हीच्या आकाराची गादी, म्हणजे पुस्तक शंभर अंशांपलीकडे उघडावं लागत नाही. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दोन सारखे एलईडी दिवे, खोलीतले बाकी दिवे बंद. व्हाइट बॅलन्स एकदाच लावून कुलूप करा. आधी सगळी डावी पानं, मग सगळी उजवी, असं केलं की प्रत्येक पानाला फोकस बदलावा लागत नाही. छापील मासिकाला ३०० डीपीआय, हस्तलिखिताला ४००. मूळ फाइल टिफ, वाचायला पीडीएफ. प्रत्येक खंडाच्या पहिल्या चित्रात फूटपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. कोरी पानंही घ्या. ती वगळली की पुढे कोणीतरी ‘पान फाडलं’ म्हणतं.

फाइलचं नाव आधी ठरवा: संस्था, प्रकार, खंड, पान. पान क्रमांक चार अंकी ठेवा, नाहीतर १० नंबरचं पान २ च्या आधी लागतं. दिवसाचं काम संपलं की दोन वेगळ्या डिस्कांवर प्रत, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

मोडीवाचक

दुरुस्तीबद्दलही सांगा. अनेक ठिकाणी लोक सेलोटेप लावतात.

स्कॅनवाला

सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि टेप निघते तेव्हा अक्षरं घेऊन निघते. आधी लागलेली टेप स्वतः ओढू नका. स्कॅन तशीच करा.

फाटलेल्या जागेला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. स्टार्च एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर चाळणीतून घासून घ्या, ब्रशने अगदी पातळ लावा, वरून टीपकागद आणि वजन. खळ ताजीच वापरायची. फ्रीजमध्ये चारपाच दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्या. मैद्याची खळ वापरू नका, त्यातल्या ग्लूटेनमुळे ती कडक होते आणि कसर जास्त लागते. मोरचूद घालायची जुनी सवयही सोडा, त्याने कागद जळतो.

जुन्या दऊत-टाकाच्या नोंदी बहुधा लोहयुक्त शाईच्या असतात. तपकिरी पडलेली, कागदाला आरपार खाल्लेली अक्षरं दिसली तर तिथे ओली खळसुद्धा लावू नका. ओलाव्याने शाई आणखी पसरते आणि कागद खाते. अशी पानं फक्त फोटो काढून बिनआम्ल कागदाच्या पाकिटात ठेवायची.

कपाट भिंतीपासून हातभर पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून किमान सहा इंच वर. वाळवी भिंतीतून चढते, आणि मातीची बारीक नळी पाठीमागे दिसली तरच वेळेत कळते. त्यासाठी मागे बॅटरीचा उजेड जायला जागा हवी.

करवीरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं आहे की प्रकरणं सालांप्रमाणे न करता कॉलेज कोणाकडे होतं त्याप्रमाणे करायची, आणि बोर्डिंगांना स्वतंत्र मोठं प्रकरण. शेवटचा प्रश्न: गॅदरिंगचे आणि संघांचे जुने ग्रुप फोटो. काही काचेला चिकटले आहेत, काहींवर नावं नाहीत.

स्कॅनवाला

काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका. प्रतिमेचा थर काचेवरच राहील. फ्रेममध्येच ठेवून काचेतून फोटो घ्या. कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूंना काळं कापड धरा, म्हणजे काचेत खोलीचं प्रतिबिंब पडणार नाही. दिवे जास्त तिरपे, ३० अंशांच्या आसपास.

ग्रंथपाल

नावांसाठी तीन ठिकाणं बघा. फ्रेममध्ये बसवताना पुठ्ठ्याची खालची पट्टी कापलेली असते आणि ती बऱ्याचदा मागच्या फळीत घडी करून सरकवलेली सापडते. नसेल तर त्या वर्षाचं मासिक बघा. संघाच्या फोटोखाली ‘डावीकडून, बसलेले’ अशी ओळ छापत. मासिकही नसेल तर त्या वर्षीचा वार्षिक अहवाल किंवा बक्षीस समारंभाची छापील पत्रिका. फोटो माजी विद्यार्थ्यांना दाखवताना प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक टाकलेली झेरॉक्स द्या आणि उत्तर वेगवेगळं लिहून घ्या. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच नाव सांगितलं तरच पक्कं धरा, एकानेच सांगितलं असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह. शिक्षकांची ओळख पगारपत्रकाशी ताडून घ्या, कारण बदलीच्या वर्षात एकाच खुर्चीवर दोन प्राचार्य लागू शकतात.